आरोग्याची मसलत आणि खजिन्याची किल्ली

१९४४ ह्या एकाच वर्षात हेन्री सिगेरिस्ट नावाच्या एका विद्वानाने पृथ्वीच्या दोन टोकांवरील दोन सरकारांस त्यांच्या प्रजेच्या आरोग्याविषयी सल्ला दिला. हा गृहस्थ जन्माने पॅरिसचा, कुळाने स्विस, शिक्षणाने वैद्य आणि पेशाने वैद्यकाचा इतिहासकार. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहास संस्थेचा तो त्या वेळी संचालक होता, आणि सोव्हिएत रशियातील वैद्यकव्यवस्थेवर १९३७ साली लिहिलेल्या ग्रंथामुळे अमेरिकेत काहींच्या आदरास व पुष्कळांच्या रोषास पात्र झालेला होता. सप्टेंबर महिन्यात कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या नव्या सरकारने त्यास पाचारण केले. गव्हाच्या त्या विस्तीर्ण मुलखात काही आठवडे हिंडून, डॉक्टरांपासून शेतकऱ्यांपर्यंत अनेकांचे म्हणणे ऐकून घेऊन, ऑक्टोबरच्या आरंभी त्याने आपला अहवाल हाती दिला. त्यानंतर वर्ष संपण्याच्या आत तो हिंदुस्थानात आला आणि सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली चाललेल्या आरोग्य पाहणी व विकास समितीच्या मसलतीत सामील झाला.

ह्या दोन मसलतींची फळे मात्र फार निराळी निघाली. सस्कॅचेवानात १ जानेवारी १९४७ पासून प्रत्येक रहिवाशास, माणशी वर्षाला ५ डॉलर आणि कुटुंबास फार तर ३० डॉलर भरले म्हणजे, रुग्णालयातील उपचार मिळण्याची तजवीज झाली. हिंदुस्थानात १९४६ साली चार खंडांचा एक अहवाल छापून निघाला, आणि त्यानंतर नेमलेल्या जवळजवळ प्रत्येक आरोग्यसमितीने आपल्या प्रस्तावनेत त्यास आदराने वंदन केले. ह्या अंतराचे कारण विचारले असता आपल्याकडे चटकन दारिद्र्याकडे बोट दाखविले जाते. ते कारण खोटे नाही, पण पुरेसेही नाही, कारण सस्कॅचेवान हा काही कुबेराचा प्रांत नव्हता, तिसाच्या दशकातील अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी त्याचे कंबरडे मोडलेले होते. खरा भेद सल्ला मागणाराच्या आसनात होता. सिगेरिस्टला बोलावणारा टॉमी डग्लस हा त्या प्रांताचा मुख्यमंत्री तर होताच, शिवाय आरोग्यखातेही त्याने स्वतःकडेच ठेवले होते, आणि कॅनडाच्या घटनेप्रमाणे रुग्णालये हा विषय प्रांतांचा होता. म्हणजे प्रश्न विचारणारा, उत्तर ऐकणारा आणि मंजुरीवर सही करणारा हे तिघेही एकच. भोर समितीस नेमणारे सरकार कोण होते आणि त्याच्या हाती काय होते, हे पाहण्यापूर्वी ह्या मसलतीच्या धंद्याचा आपल्या देशातील पूर्वेतिहास थोडा चाळणे उचित होईल.

रुग्णालय कसे बांधावे, प्रजेचे आरोग्य कसे राखावे, ह्याचा सल्ला देणे हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून हिंदुस्थानात आला तो फौजेच्या पाठोपाठ. १८५७ च्या उठावानंतर गोऱ्या पलटणींची संख्या वाढली, आणि हे शिपाई लढाईत मरतात त्याहून किती तरी अधिक छावणीत पडून पटकीने, हगवणीने व तापाने मरतात ही गोष्ट लंडनच्या खजिन्यास खुपू लागली. १८५९ साली ह्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला, आणि त्याच्या मागे खरी प्रेरणा, खरी मेहनत व खरी लेखणी होती ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिची. ती आयोगाची सभासद नव्हती, कारण स्त्रीला ते आसन मिळण्याचा तो काळच नव्हता. ती हिंदुस्थानात कधी आली नाही, पुढेही आली नाही. आजारपणामुळे बहुतेक वेळ आपल्या खोलीतच पडून असे. तथापि तिने काढलेली युक्ती आजही प्रत्येक सल्लागाराच्या बासनात असते. तिने एक छापील प्रश्नावली तयार करवून हिंदुस्थानातील दोनशेहून अधिक लष्करी ठाण्यांस धाडली. पाणी कोठून आणता, ते कसल्या भांड्यात साठविता, सांडपाणी कोठे जाते, बराकीत एका शिपायास किती जागा मिळते, इस्पितळात हवा कोणत्या बाजूने येते, बाजारात घाण किती, शिपाई पितो काय आणि किती, असे एकामागून एक प्रश्न. आणि उत्तरावर ठाण्याचा लष्करी अधिकारी, इंजिनियर व डॉक्टर ह्या तिघांच्या सह्या, म्हणजे एकाने झाकू पाहिलेले दुसऱ्यास उघडे करावे लागे. ह्या उत्तरांचे ढीग लंडनला पोहोचले. विल्यम फार ह्या संख्याशास्त्रज्ञाने त्यांतील आकडे लावले, आणि १८६३ साली दोन हजारांहून अधिक पृष्ठांचा अहवाल बाहेर पडला. त्यातला एक आकडा सगळ्यांच्या ध्यानात राहिला: हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ माणसे दर वर्षी मरतात. नाइटिंगेलने आपला स्वतंत्र अभिप्राय त्याला जोडला, आणि तो रूक्ष सरकारी कागद कोणी वाचावा म्हणून त्यात चित्रेही घातली.

ह्या अहवालाचे पुढे जे झाले ते बोधप्रद आहे. मुंबई, मद्रास आणि बंगाल ह्या तिन्ही इलाख्यांत १८६४ साली आरोग्य आयोग नेमले गेले, बराकी नव्याने बांधल्या गेल्या, छावण्यांचे पाणी सुधारले, आणि फौजेतील मृत्युमान पुढील दशकात झपाट्याने उतरले. पण सुधारणा छावणीच्या कुंपणापाशी येऊन थबकली. नाइटिंगेलला हे पुरेपूर दिसत होते. छावणीशेजारचे गाव घाणीत ठेवून छावणी निरोगी राहू शकत नाही असे ती वारंवार लिहीत राहिली, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्याशी तिचा पत्रव्यवहार चाले, आणि उतारवयात तर हिंदुस्थानातील खेड्यांची स्वच्छता हाच तिचा ध्यास होऊन बसला. परंतु फौजेचा खर्च करणारे एक समर्थ खाते होते आणि खेड्याचा खर्च करणारे कोणीच नव्हते. त्यामुळे एकाच लेखणीतून उतरलेल्या सल्ल्याच्या एका अर्ध्याच्या विटा झाल्या आणि दुसऱ्या अर्ध्याचे नुसते कागद राहिले.

मुंबई शहराचा मामला ह्या दृष्टीने आणखी मजेदार आहे. हेन्री कॉनिबेअर ह्या इंजिनियराने १८५२ साली शहराच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला, विहार तलावाची योजना पुढे नेली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तलावाचे पाणी शहरात आले. १८६४ साली डॉ. अँड्र्यू लीथ ह्यांनी पुन्हा एक अहवाल लिहून गटारे, कत्तलखाने व दाट वस्ती ह्यांचे चित्र उभे केले. मग आले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड आणि त्यांचे आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट. क्रॉफर्ड हा सल्ला ऐकून स्वस्थ बसणारा मनुष्य नव्हता. त्याने रस्ते काढले, बाजार बांधले, सफाई मांडली, आणि हे करताना जमाखर्चाकडे जी पाठ फिरविली ती फिरविलीच. शहर पूर्वीपेक्षा निरोगी झाले आणि म्युनिसिपालिटी कर्जाखाली दबली. करदात्यांनी सभा भरवून असा काही गदारोळ केला की क्रॉफर्डला जावे लागले, आणि त्या गदारोळातूनच १८७२ चा कायदा होऊन मुंबईच्या करदात्यांस आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क प्रथम मिळाला. आरोग्याच्या सल्ल्यातून निवडणुकीचा हक्क निघावा हा योग आपल्या इतिहासात विरळा. पण त्याचे मर्म एवढेच, की तेथे सल्ला, खर्च आणि खर्च देणारा हे एका शहराच्या हद्दीत समोरासमोर उभे होते.

आता भोर समितीकडे वळू. सर जोसेफ विल्यम भोर हे १८७८ साली नाशिक येथे जन्मले, पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात आणि डेक्कन कॉलेजात शिकले, पुढे लंडनला जाऊन सनदी नोकरीत शिरले. कोचीन संस्थानची दिवाणगिरी, लंडनमधील हायकमिशनरच्या कचेरीतील काम, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात प्रथम उद्योग व मजूर आणि नंतर व्यापार व रेल्वे ही खाती, जपानशी व्यापारी कराराच्या वाटाघाटी, असा त्यांचा प्रवास. म्हणजे डॉक्टरकीशी संबंध नसलेला, पण दफ्तराच्या पोटात काय असते हे पुरते जाणणारा मुत्सद्दी. ऑक्टोबर १९४३ मध्ये, बंगालात दुष्काळाने माणसे रस्त्यात मरत असताना आणि सरहद्दीवर युद्ध उभे असताना, सरकारने त्यांच्याकडे हे काम सोपविले. सभासदांत डॉ. बिधानचंद्र रॉय, मद्रासचे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार, आणि मजूर चळवळीतले आपले ना. म. जोशी होते, रॉकफेलर फाउंडेशनचे डॉ. जॉन ग्रँट होते, जे कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेचे संचालक असून ज्यांनी त्यापूर्वी चीनमध्ये अनेक वर्षे लोकारोग्याचे काम केलेले होते. सिगेरिस्टप्रमाणेच इंग्लंडहून प्रोफेसर जॉन राइल व डॉ. जॅनेट व्हॉन, ऑस्ट्रेलियाहून डॉ. कम्पस्टन, अमेरिकेहून डॉ. माउंटिन असे परदेशी सल्लागारही पाहुणे म्हणून येऊन गेले.

समितीने जो देश पाहिला त्याचे आकडे आजही वाचवत नाहीत. हजार जिवंत जन्मांमागे १६२ अर्भके वर्षाच्या आत दगावत, तेव्हा इंग्लंडात हाच आकडा ५८ होता. पुरुषांचे सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्याही आत. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तीस कोटी प्रजेसाठी डॉक्टर सुमारे ४७,४००, म्हणजे ६,३०० माणसांमागे एक, आणि तेही बहुतेक शहरांत. परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. इस्पितळातील खाटा मोजल्या तर हजार वस्तीमागे पाव खाटही भरत नसे.

ह्यावर समितीने सुचविलेला तोडगा म्हणजे एक शिडी होती. तळाशी दहा ते वीस हजार वस्तीचे प्राथमिक केंद्र, त्याचे स्वतःचे ७५ खाटांचे रुग्णालय. त्यावर ६५० खाटांचे दुय्यम रुग्णालय. आणि सर्वांत वर, तीस लाख वस्तीच्या जिल्ह्यास २,५०० खाटांचे जिल्हा रुग्णालय. ह्या योजनेत किती बारकाईने विचार केला होता हे पाहावयाचे असेल तर त्या ७५ खाटांची वाटणीच पाहावी: वैद्यकीय रुग्णांस २५, शस्त्रक्रियेच्या रुग्णांस १०, प्रसूती व स्त्रीरोगांस १०, संसर्गजन्य रोगांस २०, हिवतापास ६ आणि क्षयास ४. हिवतापाच्या सहा खाटांचा हिशेब ज्या समितीने मांडला ती हवेत मनोरे रचीत होती असे म्हणता येणार नाही. हे सारे उभे राहण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागणार हे ती जाणत होती, म्हणून तिने पहिल्या दशकासाठी एक छोटी योजनाही दिली: चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका, चार सुइणी, चार शिकविलेल्या दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, आणि अशा तीस केंद्रांमागे एक दुय्यम रुग्णालय. ह्या सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व होते, की कोणीही केवळ पैसा नाही म्हणून उपचारावाचून राहू नये. आणि रोग बरा करणे व रोग होऊ न देणे ही दोन कामे एकाच डॉक्टराने, एकाच छपराखाली करावी.

एका प्रश्नावर मात्र समितीत फूट पडली. देशातील निम्म्याहून अधिक डॉक्टर हे पदवीधर नव्हते, ते वैद्यकीय शाळांतून निघालेले परवानाधारक होते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ज्यांची पाटी असे ते एल.सी.पी.एस. डॉक्टर ह्याच जातीचे. बहुमताने ठरविले की ह्यापुढे असले दुय्यम शिक्षण बंद करावे आणि सर्वत्र एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा. काही सभासदांनी ह्यास लेखी विरोध नोंदविला: इतक्या थोड्या काळात इतके पदवीधर कोठून आणणार, आणि आणले तरी ते खेड्यात का राहतील? पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय शाळेचे १९४६ साली कॉलेज झाले, नागपुरातही १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय उघडले, आणि तालुक्याचा तो जुना डॉक्टर हळूहळू काळाच्या ओघात नाहीसा झाला. मला ह्यात अल्पमताचे पारडे जड वाटते. दर्जाच्या आग्रहाने केलेली ही शिफारस सर्वांत तत्परतेने अंमलात आली, कारण तीत शहरी कॉलेजांचा लाभ होता. आणि खेड्याला मिळावयाची शिफारस सर्वांत सावकाश आली.

आता भोर समितीस नेमणाऱ्या सरकारच्या हाती काय होते, ह्या मूळ प्रश्नाचे उत्तर. १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हा विषय प्रांतिक मंत्र्यांच्या हवाली केला होता, १९३५ च्या कायद्याने तो प्रांतांकडेच ठेवला, आणि स्वतंत्र भारताच्या घटनेनेही त्यास राज्यसूचीत स्थान दिले. म्हणजे दिल्लीने जी समिती नेमली ती दिल्लीच्या ताब्यात नसलेल्या खात्याविषयी. दिल्लीने मागवावे, भोरांनी लिहावे, आणि खर्च मात्र मुंबई, मद्रास व बिहार ह्यांनी करावा, असा हा व्यवहार. दिल्लीला जे हुकमी करता येण्याजोगे होते ते तिने केले: समितीने सुचविलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ साली नवी दिल्लीत उभी राहिली, तिला न्यूझीलंडच्या सरकारचे साहाय्य मिळाले, आणि ती कीर्तीस पावली. खेड्याचा वाटा निघाला तो आरोग्यखात्यातून नव्हे, तर सामुदायिक विकास योजनेतून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ती योजना सुरू झाली. पुढे एका विकास गटास एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे सूत्र ठरले, आणि गटाची वस्ती साठ हजारांपासून लाखापर्यंत कितीही असे. चाळीस हजारांची अट गेली, दोन डॉक्टरांपैकी पुष्कळ ठिकाणी एकच राहिला, वरचे दुय्यम रुग्णालय बहुतेक जागी आलेच नाही. शिडीची सर्वांत खालची पायरी तेवढी घेतली गेली आणि तीही अरुंद करून. नंतर हिवताप निर्मूलनाची आणि कुटुंबनियोजनाची राष्ट्रीय मोहीम आली, तिचा पैसा दिल्लीहून येत असल्यामुळे तिचे तक्ते आधी भरले जाऊ लागले, आणि केंद्रातील दवाखान्याचे काम मागे पडले. १९६१ साली अहवाल देणाऱ्या मुदलियार समितीने नवी केंद्रे काढण्यापूर्वी असलेली तरी नीट चालवा असे सुचविले. महाराष्ट्रात १९६२ पासून ही केंद्रे जिल्हा परिषदांच्या ताब्यात गेली, पण ह्या परिषदांना स्वतःच्या उत्पन्नाची साधने फारशी मिळाली नाहीत.

भोरांच्या अहवालाच्या तेजात एक दुसरी मसलत झाकोळून गेली, आणि ती मुंबईतील होती. काँग्रेसने १९३८ साली जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापिली. तिच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष होते परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले हिंदी संचालक कर्नल साहिबसिंग सोखी. ह्या उपसमितीच्या शिफारशींवरून १९४० साली जो ठराव झाला त्यात असे म्हटले होते की पाच वर्षांच्या आत दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक शिकवून तयार करावा, त्याला व्यवहारोपयोगी आरोग्यज्ञान द्यावे, आणि पुढे त्यांपैकी योग्य त्यांना अधिक शिक्षणासाठी निवडावे. ह्यात नवल ते एवढेच, की हीच कल्पना चीनच्या तिंगशियन जिल्ह्यात डॉ. ग्रँट ह्यांच्याच एका शिष्याने शेतकऱ्यांना शिकवून प्रत्यक्ष करून दाखविली होती, आणि तेच ग्रँट भोर समितीत बसले असताना तिला त्या अहवालात स्थान मिळाले नाही. पदवीधर डॉक्टरांच्या त्या सभेत अल्पशिक्षित सेवकाचे नाव घेणे सोपे नसावे.

ती कल्पना पुन्हा उगवली ती नगर जिल्ह्यात. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि थोड्याच काळात गावोगावच्या, बहुधा निरक्षर अशा बायांना गावाच्याच निवडीने आरोग्यसेविका केले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यकार्याच्या उदाहरणांचा जो ग्रंथ काढला त्यात जामखेडचा समावेश झाला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू केली. डॉक्टरांच्या संघटनांनी तिच्यावर टीका केली, राज्यांनी तिचा खर्च उचलण्यास कुरकुर केली, आणि ती लवकरच निस्तेज झाली. १९८१ साली जे. पी. नाईक ह्या आपल्या शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने निघालेल्या एका राष्ट्रीय अहवालाने पुन्हा तोच आग्रह धरला. दरम्यान सल्लागारांची जात बदलत गेली: नव्वदीच्या दशकाअखेर जागतिक बँकेच्या कर्जाबरोबर तिचे तज्ज्ञ महाराष्ट्राची जिल्हा व ग्रामीण रुग्णालये पाहू लागले, आणि आता तर शहरातील खासगी रुग्णालये एन.ए.बी.एच. ह्या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचे मानांकन मिळविण्यासाठी स्वतंत्र सल्लागार नेमतात, जे फायली लावून देतात, फलक टांगतात आणि परिचारिकांकडून तपासणीच्या दिवसाची रंगीत तालीम करून घेतात. तेथे शुल्क देणारा व सल्ला पाळणारा एकच असल्यामुळे काम वेळेवर होते.

हजार वस्तीमागे एक सेवक हा सोखींचा आकडा मात्र २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर तिसऱ्यांदा अवतरला आणि ह्या वेळी टिकला. सेवकाच्या जागी ‘आशा’ म्हणून गावचीच बाई आली. तिची गणना कर्मचाऱ्यांत न होता स्वयंसेविकांत झाली, आणि पगाराऐवजी प्रत्येक कामामागे मोबदला ठरला, ज्याचा काही हिस्सा केंद्राने व काही राज्याने द्यावयाचा. महाराष्ट्रातील आशा त्या मोबदल्यात वाढ मागण्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसतात, तेव्हा राज्य त्यांना केंद्राच्या हिश्शाचा हिशेब दाखविते आणि केंद्र राज्याच्या.